रीगल : आठ महिन्यांच्या फेऱ्यांनंतर

घराजवळच्या मल्टिप्लेक्समध्ये मध्यंतरानंतर वातानुकूलन बंद पडले, पैसे परत मागितल्यावर नियमांचा कागद पुढे करण्यात आला आणि अर्धा तास हुज्जत घालून मी रिकाम्या हाताने परतलो. त्यानंतर चित्रपट पाहायचा तो कुलाब्याच्या रीगलमध्येच, असे ठरवले. लोकलचा पास सीएसएमटीपर्यंतचा असल्याने जाण्यायेण्याचा वेगळा खर्च नव्हता, हेही तितकेच खरे कारण.

पहिल्या दोन खेपांना इमारत मला बोडकी वाटली, हे कबूल करतो. चौकापलीकडे राज्य पोलीस मुख्यालयाची दगडी वास्तू आहे. मुळात खलाशांच्या निवासासाठी बांधलेली ही वास्तू १८७६ मध्ये पूर्ण झाली. तिच्या कमानी आणि कोरीवकाम पाहून मान वळवली, की रीगलच्या सरळ रेषा अपुऱ्या वाटत. पुढे वाचनात आले, की ती वास्तू वास्तुविशारद फ्रेडरिक स्टीव्हन्स यांची आणि १९३३ मध्ये सुरू झालेले रीगल त्यांचे चिरंजीव चार्ल्स यांचे. मी रोज ज्या सीएसएमटीवर उतरतो, तेही वडिलांचेच काम. हे कळल्यापासून माझे मत पार बदलले. वडिलांचा दगड समोर उभा असताना मुलाने प्रबलित, म्हणजे पोलादी सळया घातलेले, काँक्रीट निवडले, कमानी आणि नक्षी सोडून दिली, आणि दर्शनी भागावर नाट्यकलेचे हसरा व रडवा असे दोन मुखवटे ठेवले. हे मुखवटे मला तिसऱ्या खेपेला दिसले. आता तिकीट काढण्याआधी मी ते पाहतोच.

आतली मूळ सजावट कार्ल शारा यांची : फिकट नारिंगी आणि हिरव्या रंगांतील सूर्यकिरणांची. त्या काळी इथे वातानुकूलन होते, तळघरात मोटारी ठेवण्याची सोय होती आणि तिथून वर येण्यासाठी लिफ्टही होती. बाल्कनीत बसल्यावर मधे एकही खांब येत नाही, हे काँक्रीटचे देणे मला सर्वांत मोलाचे वाटते.

पडदा एकच असल्याने निवडीला वाव नाही. जो चित्रपट लागेल तो पाहावा लागतो, आणि मी पाहतो. प्रथमच जाणाऱ्यांनी संध्याकाळच्या खेळाला पाऊण तास आधी, उजेड असतानाच पोहोचावे. वेलिंग्टन कारंज्यापाशी उभे राहिले, की बापलेकांच्या दोन्ही इमारती एकाच जागेवरून पाहता येतात.