आधी पुढचं चाक ठरवा: लांब पल्ल्याच्या सायकलसाठी तीन डायनॅमो हबची पारख

लांब पल्ल्याची सायकल जुळवताना बहुतेकांचे पैसे फ्रेम आणि गिअरमध्येच संपतात. दिव्याची आठवण होते ती ४०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड) आठवड्यावर आल्यावर. हा क्रम उलटा हवा. डायनॅमो हब, म्हणजे चाक फिरताना दिव्यासाठी वीज तयार करणारा पुढच्या चाकाचा मधला भाग, घ्यायचा असेल तर फोर्क (पुढचं चाक धरणारा दोन पायांचा भाग), ब्रेकचा प्रकार, रिमची भोकं, दिव्याची जागा हे सगळं त्या एका खरेदीवर ठरतं. तयार चाक मागाहून सोडून पुन्हा बांधायचं म्हणजे मजुरीही नवी आणि बहुधा स्पोकही नवे.

गरज आहे का, हे आधी बघा. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात. सकाळी सहाला सुटलात तर अगदी रखडत पोहोचलात तरी संध्याकाळचे साडेसात. ३०० ला २० तास, म्हणजे रात्रीचे दोन. एवढ्याला बॅटरीचा चांगला दिवा आणि एक जादा बॅटरी पुरते. डायनॅमोवर खर्च करू नका. ४०० ला २७ तास असतात आणि तिथे अख्खी रात्र रस्त्यावर जाते. डिसेंबरात पुण्याकडे साधारण सहाला सूर्य मावळतो आणि उजाडायला सात वाजतात, म्हणजे जवळपास तेरा तास अंधार. ६०० च्या ४० तासांत दुसरी संध्याकाळही येते. एकाच मोसमात २००, ३००, ४००, ६०० करून सुपर रँडोनर हा किताब मिळवायचा असेल किंवा २०२७ चं पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस (फ्रान्समधली १२०० किलोमीटरची राइड) डोक्यात असेल, तर मात्र घ्याच.

हब ६ व्होल्ट, ३ वॅटचाच घ्या. १.५ आणि २.४ वॅटचेही मिळतात. त्यावर एलईडी दिवा चालतो, पण मोबाइल किंवा जीपीएस चार्ज करताना ते कमी पडतात. दुसरी खातरजमा फोर्कची. चाक बसतं ते ९ मिमीच्या क्विक रिलीजवर (खटक्याने सुटणारी) की १२ मिमीच्या थ्रू अ‍ॅक्सलवर (आरपार जाणारा दांडा)? रोटर (डिस्क ब्रेकची चकती) सहा बोल्टचा की सेंटर लॉक (मधल्या एकाच कड्याने बसणारा)? यातलं एकही चुकलं तर हब घरी पडून राहतो.

आता तीन नावं. शिमानोचे हब तुलनेने स्वस्त आणि वजनाला जड. आत बेअरिंगचे कप-कोन (वाटी आणि शंकू) आणि सुटे छर्रे असतात, त्यामुळे ग्रीस भरणं, कोन घट्ट-सैल करणं गावातला जाणता मेकॅनिकही करू शकतो. एकच पथ्य: हे काम कनेक्टरच्या विरुद्ध बाजूनेच करायचं. कनेक्टरच्या बाजूची नट सोडली की आतली बारीक तार पिळून तुटते आणि हब कायमचा आंधळा होतो. मेकॅनिकच्या हातात चाक देतानाच हे सांगा, कारण साध्या हबला दोन्हीकडून पाना लावायची हाताला सवय असते.

तैवानच्या शटर प्रिसिजनचा पीडी-८ वजनाला हलका, सुमारे ४०० ग्रॅम, सहा बोल्टच्या रोटरचा. बेअरिंग मात्र बंद असतं, ते इथल्या दुकानात बदलून मिळत नाही. बेअरिंग खराब झालं तर हब कारखान्यात पाठवा, नाहीतर नवा घ्या. कोरड्या मोसमात चालवणाऱ्याला चांगला. पावसाळाभर कोकणात उतरणाऱ्याने विचार करून घ्यावा.

जर्मनीच्या श्मिटचा सॉन २८ सगळ्यांत महाग, वर परदेशातून मागवला तर सीमाशुल्क. तरी पावसात चालवणाऱ्याला आमची शिफारस त्याचीच, आणि कारण नावाचं नाही, हवेचं आहे. उन्हात हब तापतो, वरून पावसाची सर आली की गार होतो. आतली हवा आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी आत ओढून घेते. सॉनमध्ये हवेचा दाब आतबाहेर सारखा राहावा म्हणून वेगळी वाट ठेवलेली असते, त्यामुळे हे ओढणं टळतं. पाच वर्षांची हमीही आहे.

कोणताही डायनॅमो हब हातात धरून अ‍ॅक्सल फिरवला की तो अडखळत, टप्प्याटप्प्याने फिरतो. दुकानात पुष्कळ जण इथेच बिचकतात, बेअरिंग गेलं म्हणून हब परत करतात. ती आतल्या चुंबकांची ओढ असते. स्टँडवर चाक लवकर थांबतं तेही त्यामुळेच. दिवा लावल्यावर पायांवर पाच-सहा वॅटचा भार येतो. रस्त्यावर तो जाणवत नाही.

चाक ३२ भोकांचं, तीन क्रॉस (प्रत्येक स्पोक दुसऱ्या तिघांना ओलांडणारा), २.०–१.८–२.० मिमीचे बटेड (मधे बारीक) स्पोक आणि पितळी निपल (स्पोकच्या रिमकडच्या टोकाची नट). अ‍ॅल्युमिनियमची निपल खाऱ्या हवेत धरून बसतात आणि चाकाचा आऊट (वाकडेपणा) काढताना तुटतात. टायर ३२ मिमी बसेल असा फोर्क निवडा. ७५ किलोच्या माणसाला पुढे ५०–५५ आणि मागे ६०–६५ पीएसआय हवा ठीक. पंक्चर बहुतेक वेळा ट्रकच्या फाटक्या टायरमधल्या केसाएवढ्या तारेने होतं. ती टायरच्या आत टोचून राहते आणि नवी ट्यूबही फोडते, म्हणून किटमध्ये छोटा चिमटा हवाच.

खरी बिघाडाची जागा हब नसून वायर असते. शिमानोच्या प्लगमध्ये तारेची दोन उघडी टोकं पिळून, दुमडून, वर टोपी दाबायची असते. पावसात तिथे पाणी शिरतं, तांब्यावर हिरवा कळंक चढतो आणि दिवा लुकलुकायला लागतो. टोकं बसवण्याआधी व्हॅसलीन चोळा आणि दर पावसाळ्यानंतर अर्धा इंच तार कापून नव्याने जोडा; त्यासाठी वायर थोडी लांबच ठेवा. सॉनला ४.८ मिमीच्या चपट्या पिना लागतात. त्या पक्कडीने नीट दाबून वर हीट श्रिंकची (गरम केल्यावर आकसणारी) नळी चढवा.

कार्बनच्या फोर्कला वायरसाठी भोक पाडायचं नाही, कधीच नाही. वायर फोर्कच्या उजव्या पायाच्या मागून वर न्या आणि दर ८–१० सेंटिमीटरवर टेपने बांधा. फोर्कच्या माथ्याशी हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा आणि तेवढी ढील सोडा. ताणलेली वायर आतल्या आत तुटते, वरचं आवरण मात्र धडधाकट दिसतं. पंक्चर काढताना आधी प्लग, मग चाक. मध्यरात्री झोपेच्या डोळ्यांनी हे नेमकं उलटं होतं.

दिवा बुश अँड म्यूलरचा आयक्यू-एक्स, १०० लक्सचा. प्रकाशाला वरून सरळ कड आहे, त्यामुळे आंबा घाटासारख्या वळणांवर समोरच्या दुचाकीवाल्याचे डोळे दिपत नाहीत आणि सगळा उजेड डांबरावर पडतो. सामान लादून, कुणाला तरी सीटवर बसवून, भिंतीपासून ५ मीटरवर सायकल उभी करा. दिव्याच्या उंचीला भिंतीवर खडूने रेघ मारा. प्रकाशाची कड रेघेच्या खाली राहिली पाहिजे. मागचा दिवा पुढच्यातूनच जोडायचा असतो. तिथे धन-ऋण सांभाळा, उलट जोडलेला पेटत नाही.

चार्जिंगच्या अपेक्षा बेताच्या ठेवा. ताशी १५ च्या खाली यूएसबी जवळजवळ बंदच, म्हणजे खंबाटकीच्या चढणीवर काही मिळणार नाही. दिवसा डायनॅमोवरून पॉवर बँक भरायची आणि फोन त्या बँकेवर. रात्री सगळी वीज दिव्याला.

दिवा गेलाच तर प्लग काढून मल्टिमीटर एसीवर ठेवा आणि चाक हाताने जोरात फिरवा. काही व्होल्ट दिसले तर हब ठीक आहे, बिघाड वायरमध्ये किंवा दिव्यात शोधा. तोवर पुढे जायला बॅटरीचा एक छोटा दिवा, ब्रॅकेटसकट, सीटखालच्या पिशवीत असू द्या. बीआरएममध्ये रात्री पुढे-मागे दिवा आणि अंगावर चमकणारं जॅकेट सक्तीचं आहे, आणि दिवा हातात धरलेला नाही, सायकलवर बसवलेला लागतो.