घर माझं, हेवी डिपॉझिट त्याचं

आधी आकडे सांगते, आकडे सांगताना निदान रडू येत नाही. पुण्यातला माझा टू बीएचके. एजंटने मला सांगितलेलं भाडं महिना 24,000, डिपॉझिट 75,000. भाडेकरूंनी त्याच्या हातात प्रत्यक्षात ठेवलेले 9,00,000, दोन वर्षांसाठी, भाडं शून्य. त्यातूनच मला 75,000 डिपॉझिट आणि तेरा महिने 'भाडं' म्हणून 3,12,000 पाठवले. उरलेले 5,13,000 घेऊन चौदाव्या महिन्यात फोन बंद. वर माझ्याकडून दलालीचे 24,000 आणि रंगकामाचे 18,500. रंगाचा ब्रशही भिंतीला लागलेला नाही.

मालकाला भाडं सांगायचं आणि भाडेकरूकडून हेवी डिपॉझिट, म्हणजे बिनभाड्याने राहण्यासाठीची, जाताना परत मिळणारी मोठी रक्कम घ्यायची, हा खेळ मुंबई-पुण्यात कोणाला नवा आहे? मलाही माहीत होता. म्हणून तर जास्त लाज वाटते.

"एवढी शिकलेली बाई, जर्मनीत राहते, आणि..." हे ऐकून कान किटलेत. मग काय करायला हवं होतं? मी श्टुटगार्टला, आई कोल्हापुरात, तिचे गुडघे गेलेले. ह्या माणसाकडे सहा वर्षं आमची किल्ली होती. आईला काकू म्हणायचा, वीजबिल भरून न मागता पावती पाठवायचा. दरवेळी करारासाठी तिकीट काढून यायचं का? म्हणून पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी (मुखत्यारपत्र) दिली, आणि तीही जनरल, म्हणजे सगळ्याच कामांची. तिथेच माती खाल्ली. त्याने माझ्या नावाने केलेली सही आता माझीच धरली जाण्याची भीती. भाडेकरू म्हणतात, नऊ लाख तुम्ही द्या, मगच घर सोडू. पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी द्यायचीच असेल तर स्पेशल द्या, एकाच कामापुरती, मुदत घालून, आणि त्यात 'रक्कम स्वीकारण्याचा अधिकार नाही' हे स्वच्छ लिहा.

पण रात्री झोप उडते ती गीझरमुळे. सातव्या महिन्यात गीझर बिघडला. एजंट उचलेना म्हणून भाडेकरीणबाईंनी सोसायटीतून माझा नंबर मिळवला. म्हणाल्या, "ताई, एवढी मोठी रक्कम अडकवून बसलोय आम्ही, निदान गरम पाणी तरी द्या." एवढी मोठी रक्कम! मी मनात म्हटलं, पंचाहत्तर हजारांची काय ही मिजास. वरून गोड आवाजात सांगितलं, एजंटशी बोलते. फक्त 'किती रक्कम, ताई?' एवढं विचारलं असतं तर? तीन शब्द. त्या बाईंनी सरळ सांगून टाकलं असतं, त्यांना लपवायचं काहीच नव्हतं.

दुसरी घंटा सीएने वाजवली होती. घरमालक एनआरआय असला की भाडेकरूने टीडीएस कापायचा असतो, 31.2 टक्के. म्हणजे 24,000 मधून 7,488 जाऊन माझ्या हाती 16,512 यायला हवे होते. माझ्याकडे पूर्ण 24,000 येत होते, तेही एजंटच्या खात्यातून, आणि मी खूश! भाडं भाडेकरूच्या खात्यातून थेट तुमच्या एनआरओ खात्यात (भारतातल्या उत्पन्नासाठीचं एनआरआयचं खातं) आलं पाहिजे, मधे कोणी नको.

करार? मला पाठवलेल्या पीडीएफवर दस्त क्रमांकच (नोंदणी झाल्यावर मिळणारा) नव्हता. भाडेकरूंकडे वेगळाच कागद, पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केलेला. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी सक्तीची, आणि ती करण्याची जबाबदारी मालकाची. म्हणजे चोर तो, आणि नोंदणी नाही म्हणून गुन्हेगार मी. दस्त क्रमांक मागा आणि नोंदणी विभागाच्या साइटवर स्वतः शोधा.

आता पोलीस. ईमेलवर तक्रार पाठवली, उत्तर, "समक्ष या." नव्या कायद्यात (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) ईमेलने कळवून तीन दिवसांत सही करता येते, हे मीच त्यांना कलम 173 सकट लिहिलं. उत्तरच नाही. रजा काढून, 71,000 चं तिकीट काढून आले. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी, एजंटचं ऑफिस दुसऱ्या हद्दीत, तिकडे जा. अहो, गुन्हा कुठल्याही हद्दीत नोंदवता येतो ना? तिकडे गेले तर, "मॅडम, हा दिवाणी मामला, कोर्टात जा." वर एकाने विचारलं, "तुम्ही त्याला सह्यांचे अधिकार दिलेच का?" तक्रार देणारी मी, की आरोपी मी? पाचव्या फेरीला अर्जावर शिक्का मिळाला. शिक्का, एफआयआर नाही. सोसायटीने भाडेकरूंची पोलीस पडताळणी झाली का हे एकदाही पाहिलं नाही, घर भाड्याने दिलं म्हणून लागणारे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस मात्र दर महिन्याला वेळेवर.

भाडेकरूंवर राग काढावा तर तेही बुडालेलेच. त्यांनी मला माझ्याच हॉलमध्ये बसवून चहा दिला. शेवटी आम्ही मिळून एकच तक्रार द्यायचं ठरवलंय, त्यांचा बँक ट्रान्स्फरचा पुरावा आणि माझे तेरा महिन्यांचे मेसेज एकत्र. माझ्याकडे आलेले 3,87,000 त्यांना परत द्यायची माझी तयारी आहे; वकील म्हणतात, अजून लेखी काही देऊ नका. पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी रद्द केल्याची नोटीस पाठवली होती, ती एजंटच्या पत्त्यावरून 'घर बंद' म्हणून परत आली.