सरकत्या पानावर स्थिर राहणारी पट्टी: विकतच्या स्क्रिप्टचा सात महिन्यांचा अनुभव

सोलापुरात चाटी गल्लीत आमचे चादरी-टॉवेलांचे घाऊक दुकान आहे आणि बाहेरगावचे व्यापारी आमच्या संकेतस्थळावरील मागणीच्या पानावरून माल नोंदवतात. पानावर १४० ओळी आहेत. खाली सरकतानाही एकूण नग, वजन आणि रक्कम दाखवणारी पट्टी डोळ्यांसमोर राहावी, म्हणून मे महिन्यात मी वर्षाला १,८०० रुपयांची तयार स्क्रिप्ट (पानाला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) घेतली. पहिले काही महिने मी समाधानी होतो. दिवाळीच्या हंगामातील एका चुकीने ते समाधान संपले.

विजापूरच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने ३० बाय ६० इंची टॉवेलांचे २० डझन नोंदवले. निदान त्यांची तशी समजूत होती. प्रत्यक्षात आकडा दोन ओळी खालच्या नॅपकिनांसमोर पडला. माल गेला, परत आला आणि दोन्ही वेळचे भाडे आमच्या अंगावर बसले. काकांनी चूक गिऱ्हाइकाची मानली. मी मात्र फोनवर तेच पान हळूहळू सरकवून पाहिले, तेव्हा कारण समजले.

ही स्क्रिप्ट पान किती सरकले ते सतत मोजते आणि पट्टी वरच्या कडेला पोहोचताच तिला ‘पोझिशन: फिक्स्ड’, म्हणजे पडद्यावर एका जागी खिळलेली, करते. त्या क्षणी पट्टी पानाच्या मूळ मांडणीतून बाहेर पडते, तिची जागा मोकळी होते आणि खालच्या सर्व ओळी तेवढ्या वर उचलल्या जातात. आमची पट्टी ९६ पिक्सेल उंच, ओळ ४८ पिक्सेलची. म्हणजे बोट टेकता टेकता पान बरोबर दोन ओळी उडी मारते. सर्वाधिक खपाची मापे आम्ही यादीच्या सुरुवातीला ठेवली आहेत आणि उडीही नेमकी तेथेच होते. पट्टी सुटताना तिच्या जागी तेवढ्याच उंचीचा रिकामा ठोकळा ठेवला असता, तर हे घडलेच नसते. पैसे घेऊन विकलेल्या वस्तूत एवढी काळजी घेतलेली नसावी, हे मला अजूनही सहन होत नाही.

दुसरी तक्रार अशी होती की काही फोनवर पट्टी स्थिर न राहता यादीबरोबर वर निघून जात असे. विक्रेत्याच्या सेवा विभागाने दोष आमच्या पानाचा असल्याचे सांगितले आणि तपासणीसाठी ३,६०० रुपयांची वरची योजना सुचवली. मी चिडून एकच तारा द्यायचे ठरवले होते. येथे मला माझे मत दुरुस्त केले पाहिजे. फोनसाठी आम्हीच बाहेरच्या चौकटीला ‘ट्रान्सफॉर्म’ वापरून सरकत येण्याची हालचाल दिली होती, आणि अशा चौकटीतील ‘फिक्स्ड’ घटक पडद्याला नव्हे, त्या चौकटीलाच चिकटून राहतो. त्यांचे म्हणणे खरे होते. तेवढ्यासाठी दुप्पट पैसे मागणे मात्र मला पटले नाही.

नोव्हेंबरमध्ये मी त्या पानावरून स्क्रिप्ट काढली आणि ‘पोझिशन: स्टिकी’ (कडेला पोहोचताच तेथे चिकट) व ‘टॉप: ०’ (अगदी वरच्या कडेला) या दोन ओळी लिहिल्या. क्रोम ब्राउझरमध्ये ही सोय २०१७ पासून आहे आणि तिला एक पैसाही लागत नाही. पट्टी मांडणीतच राहत असल्याने उडीचा प्रश्नच उरत नाही. तरी पहिला पूर्ण दिवस ती चिकटलीच नाही, कारण तिला मी एकटीलाच वेगळ्या डब्यात ठेवले होते आणि स्टिकी घटक आपल्या पालक डब्याच्या बाहेर जात नाही. यादी आणि पट्टी एकाच डब्यात आणल्यावरही काम अडले. वरच्या एका चौकटीवर आडवी सरकपट्टी लपवण्यासाठी ‘ओव्हरफ्लो: हिडन’ लिहिलेले होते. त्यामुळे पट्टी पडद्याऐवजी त्या चौकटीशी बांधली जात होती. त्याजागी बाहेरचा भाग नुसता कापणारे ‘क्लिप’ लिहिताच पट्टी वर चिकटली.

स्क्रिप्टचा एक गुण मी नाकारत नाही. पट्टी चिकटताच ती आक्रसून केवळ रक्कम दाखवत असे, आणि काकांना ते फार आवडले होते. ‘स्टिकी’ला आपण चिकटलो हे सर्व ब्राउझरांत स्वतःहून कळवता येत नाही, म्हणून पट्टीच्या वर एक पिक्सेलची रेघ ठेवून ती नजरेआड झाली की नाही हे ब्राउझरच्या ‘इंटरसेक्शन ऑब्झर्व्हर’ या सोयीने पाहणारा छोटा तुकडा मला लिहावा लागला. आता मोठी रक्कम तेवढी दिसते, पट्टीची मूळ जागा तशीच राखलेली असते आणि ओळी जागच्या जागी राहतात.

दोन तारे देतो. छायाचित्रांच्या पानावर पट्टीला तिच्या डब्याबाहेर, अगदी तळापर्यंत सोबत न्यावे लागते. तेथे ही स्क्रिप्ट मेपर्यंत चालू राहील, कारण तोवरचे पैसे भरलेले आहेत.