पाच डीव्हीडी, एक गासमन आणि अर्धी सबटायटल्स

स्टार द्यायचेच असतील तर पाचपैकी साडेतीन. कापलेला दीड स्टार पॅकिंगचा आणि सबटायटल्सचा. नटाचा त्यात काही दोष नाही.

वस्तू अशी: व्हित्तोरिओ गासमन या इटालियन नटाच्या पाच सिनेमांच्या वापरलेल्या डीव्हीडी, रबर लावून एका गठ्ठ्यात विकलेल्या. २,४०० रुपये, पोस्टेज वेगळं. विक्रेता ऑनलाइनवरचा. नाव लिहीत नाही, कारण तक्रार केल्यावर फोनवर माणूस गोड बोलला. पैसे मात्र परत केले नाहीत. खोका असा चेंबटून आला होता की पोस्टमनच आधी म्हणाला, "काका, उघडून बघा हं."

माझ्या जुन्या सीड्या सांगलीच्या २०१९ च्या पुरात गेल्या. पाणी उतरल्यावर चिखलातून एकेक काढून धुतल्या आणि गच्चीत ओळीनं वाळत घातल्या. सौ. म्हणाली, "पापड घातलेत होय?" एकही लागली नाही.

मी एसटीतला निवृत्त कारकून. नोकरीसोबत तीस वर्षं हौशी नाटक केलं. अभिनयाचं भांडवल एकच, आवाज. माइक बंद पडला तरी भावे नाट्यमंदिरात शेवटच्या रांगेतल्याला माझं वाक्य कळायचं, आणि त्याचा मला भारी गर्व. एका स्पर्धेनंतर परीक्षकांनी बाजूला घेऊन सांगितलं, "आवाज छान आहे, पण तुम्ही त्याच्यामागं लपता." ते वाक्य काही वर्षं घशात अडकून होतं. गासमन बघताना परत वर आलं.

कारण हा गडीसुद्धा मूळचा आवाजाचाच. जन्म जेनोवाचा, १९२२ चा. रोमच्या राष्ट्रीय नाट्य अकादमीत शिकला, १९४२ मध्ये व्यावसायिक रंगभूमीवर आला. १९५२ मध्ये लुइजी स्क्वार्झिनाबरोबर नाटक कंपनी काढून हॅम्लेट उभा केला, तोही काटछाट न करता. १९५६ मध्ये शेक्सपिअरच्या ऑथेल्लोत त्यानं आणि साल्वो रांदोनेनं भूमिकांची अदलाबदल ठेवली होती. एका रात्री हा ऑथेल्लो आणि तो इयागो, दुसऱ्या रात्री उलटं. आमच्या हरिपूरच्या नाटककार देवलांनी ऑथेल्लोचा 'झुंझारराव' केला त्याला सव्वाशेहून जास्त वर्षं झाली, पण अशी अदलाबदल इथं कुणी करून दाखवली तर पहिलं तिकीट मी काढीन. मला एकदा दोन अंकांत दोन छोट्या भूमिका होत्या, तर दुसऱ्या अंकात पहिल्या अंकातलं वाक्य म्हणून मोकळा झालो.

आता डिस्क.

'रिसो अमारो', १९४९. भातशेतीत राबणाऱ्या बायका, त्यात गासमन देखणा बदमाश. सौ. शिराळ्याकडची. चिखलात उभ्या नायिकेकडं, सिल्वाना मांगानोकडं बघून म्हणाली, "असल्या चड्डीवर लावणीला गेलो असतो तर आजीनं विळा घेतला असता." प्रिंट बरी आहे. गासमनसाठी दुसऱ्यांदा लावणार नाही.

खरा माल 'इ सोलिती इन्योती', १९५८. तोवर निर्मात्यांच्या लेखी हा गंभीर नाटकांचा आणि खलनायकीचा माणूस, याला विनोदी भूमिका कोण देणार? दिग्दर्शक मारिओ मोनिचेल्ली हटून बसले. मेकअपमध्ये केसांची रेषा कपाळावर खाली ओढली, नाक बदललं. आणि सगळ्यात भारी म्हणजे ज्याचं सगळं नाव आवाजावर, त्याला तोतरं केलं! पडेल बॉक्सर पेप्पे. शब्द ओठाशी येऊन अडकतो, डोळे पुढं धावतात, मग शब्द धडपडत बाहेर पडतो. हॅम्लेटची स्वगतं म्हणणारा माणूस साध्या वाक्यात ठेचकाळतो आणि आपण पोट धरून हसतो. एक प्रसंग मी चार वेळा मागं घेऊन बघितला. परीक्षकांना काय म्हणायचं होतं ते वयाच्या पासष्टीला कळलं. चोरांची टोळी शेवटी चुकीची भिंत फोडते आणि स्वयंपाकघरात बसून पास्ता आणि हरभरे खाते, ते बघताना मला भूक लागली, हे आपलं जाता जाता.

'ला ग्रांदे ग्वेर्रा', १९५९. पहिल्या महायुद्धातले दोन कामचुकार शिपाई, दुसरा आल्बेर्तो सोर्दी. व्हेनिसच्या महोत्सवात सुवर्णसिंह हे सगळ्यात मोठं पारितोषिक मिळालं, तेही दुसऱ्या एका सिनेमाबरोबर वाटून. या डिस्कवर सबटायटल्स फक्त इटालियन. जाहिरातीत इंग्रजी लिहिलं होतं. अर्धा स्टार इथं गेला. तरी शेवट समजायला भाषा लागली नाही.

'इल सोर्पास्सो', १९६२. सोर्पास्सो म्हणजे ओव्हरटेक. आमच्या खात्यात या शब्दाला फार वाईट वास आहे, अपघातांचे कागद मी फार टाइप केलेत. १५ ऑगस्ट, इटलीतही सुट्टी, रोम ओस पडलेलं. ब्रूनो, म्हणजे गासमन, उघड्या लान्चा गाडीतून सिगारेट आणि फोन शोधत फिरतोय. खिडकीत एक लाजरा विद्यार्थी दिसतो, जाँ-लुई त्रँतिन्याँ, त्याला उचलतो आणि निघतो. इथं गासमननं आवाज परत आणलाय, पण आता तो आवाज म्हणजे त्या माणसाचा पोकळपणा. हॉर्न, बडबड, मोठं हसू. मग जुन्या बायकोच्या दारात उभा राहतो, मुलगी समोर येते, आणि तो आवाज दोन पायऱ्या खाली उतरतो. मी रिमोट खाली ठेवला. पुढचं सांगत नाही.

'प्रोफुमो दी दोन्ना', १९७४. आंधळा निवृत्त कॅप्टन. १९७५ मध्ये कान महोत्सवात उत्कृष्ट अभिनेत्याचं पारितोषिक. १९९२ मध्ये इंग्रजीत 'सेंट ऑफ अ वुमन' म्हणून परत केला तेव्हा अल पचिनोला ऑस्कर मिळालं, म्हणून नाव ओळखीचं वाटेल. माझं मत: गासमनचा कॅप्टन जास्त खवट आहे, आणि तो खवटपणाच मला पटला.

तांत्रिक बाब. डीव्हीडी जगाच्या कुठल्या भागात चालेल याचा आकडा असतो, त्याला रीजन म्हणतात. या डिस्क युरोपच्या, रीजन २. आपल्या प्लेअरचा रीजन ५, त्यामुळं स्क्रीनवर नुसती सूचना. गणपती पेठेतल्या रिपेअरवाल्यानं रिमोटवर काही आकडे दाबून प्लेअर सगळ्यांसाठी मोकळा केला. १५० रुपये घेतले, वर "नेटवर बघायचं की काका" हेही ऐकवलं.

या गठ्ठ्यात खरी उणीव आहे ती नाटकाची. १९६० मध्ये गासमननं लोकांसाठी फिरती नाट्यसंस्था काढली, सुमारे ३,००० माणसं बसतील अशा तंबूत मान्झोनीचं 'आदेल्की' लावलं. तंबू, ट्रक, गावोगावचा मुक्काम. तमाशाचा फड बघून वाढलेल्या माणसाला हे बघायचं होतं, तर कव्हरवर त्याचा एक फोटोसुद्धा नाही. १९७९ मध्ये फ्लोरेन्सला त्यानं नटांसाठी शाळाही काढली, तिचंही नाव नाही.

नातवाला यातलं काही बघायचं नव्हतं. 'लायन किंग'च्या इटालियन आवृत्तीत मुफासाचा आवाज याचाच, असं सांगितल्यावर पंधरा मिनिटं टेकला. मग तो एकच वाक्य बोलला, "आजोबा, हा तुमच्यासारखा ओरडत नाही."

२९ जून २००० ला गासमन रोममध्ये गेला. व्हेरानोच्या दफनभूमीत त्याच्या थडग्यावर कोरलंय, 'नोन फू माइ इम्पाल्लातो'. इम्पाल्लातो म्हणजे दुसरा नट पुढं उभा राहिल्यामुळं झाकला गेलेला. हा कधी झाकला गेला नाही, असा अर्थ. तालमीत आमचे दिग्दर्शक हेच ओरडायचे, फक्त मला उलटं: "तू त्याला झाकतोयस, बाजूला सर!"

कुणाला डिस्क हव्या असतील तर उसन्या देईन. तिसरी सोडून, तिचा खोका अजून चिकटपट्टीनं धरून ठेवलाय.