मापाचा स्प्लिंट घेतला, उंबरठ्याला पंजा अडकायचा थांबला

चालताना चप्पल पायातून निसटली आणि मी तसाच वीस-पंचवीस पावलं पुढे गेलो. मागून एक पोरगा ओरडला, "काका, चप्पल!" तेव्हा कळलं. तिथून मधुमेह, मणका, सगळं तपासून झालं. शेवटी रक्तात आयजीएम नावाचं प्रतिपिंड (अँटिबॉडी) वाढलेलं सापडलं, बोनमॅरोची (हाडातल्या मगजाची) तपासणी झाली आणि नाव कळलं: वाल्डेनस्ट्रॉम. रक्ताचा दुर्मीळ, सावकाश वाढणारा कॅन्सर. माझ्या अंगातलं आयजीएम नसांच्या आवरणातल्या 'मॅग' नावाच्या प्रथिनावरच हल्ला करतं. एसटीच्या डेपोत ३१ वर्षं वायरिंग केलंय, त्यामुळे मला ते चटकन उमगलं: तारेवरचं इन्सुलेशन गेलंय. कॅन्सरच्या पेशी थेट मेंदू-मज्जारज्जूत शिरतात तो बिंग-नील प्रकार वेगळा. तो नाही ना, म्हणून एमआरआयही केला.

रिटुक्सिमॅब या औषधानं आयजीएम उतरलं, पण डावा पंजा काही वर उचलेना. मुलानं आधी ऑनलाइन तयार स्प्लिंट, म्हणजे पंजा वर धरून ठेवणारा आधार, मागवला. मध्यम साइज, दिसायला झकास. चौथ्या दिवशी मोजा काढला तर घोट्याजवळ रक्त! फोड येऊन फुटलेला आणि मला पत्ताच नाही. बधिर पावलाला बोचतंय हे सांगणार कोण? तो स्प्लिंट मी कोणालाही सुचवणार नाही.

मग पुण्यात एका दुकानात मापाचा करून घेतला. पायाला प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळून साचा काढला. आठवड्यानं प्लॅस्टिकचा स्प्लिंट हातात आला. घालून दुकानात अर्धा तास चालायला लावलं, काढून कातडी लाल कुठं झालीय ते बघितलं, तिथली कड हीटगननं तापवून बाहेर वळवली. असं दोनदा केलं. साडेपाच हजार गेले, पण मला ते योग्य वाटले. तिथल्या बाईंनी निघताना बजावलं, "काका, रोज संध्याकाळी आरसा धरून तळवा बघायचा. दुखत नाही म्हणजे ठीक आहे, असं तुमच्या बाबतीत धरायचं नाही." एवढं कळकळीनं मला आधी कुठंच कोणी सांगितलं नव्हतं.

उणिवा आहेत. बूट एक नंबर मोठा घ्यावा लागतो, म्हणजे दोन पायांना दोन मापांचे दोन जोड विकत. उन्हाळ्यात पोटरीला घाम धरतो, सुती लांब मोजा हवाच. मांडी घालून बसता येत नाही. आणि बधिरपणा यानं तसूभरही कमी होत नाही. पंजा वर धरून ठेवतो, एवढंच त्याचं काम, आणि ते तो चोख करतो. आठ महिन्यांत एकदाही ठेच नाही.

तोल मात्र अजून डोळ्यांच्या भरवशावर आहे. पावलांकडून खबर येत नाही, त्यामुळे तोंडाला साबण लावून डोळे मिटले की मी भिंत धरतो. रात्री उठताना आधी दिवा, मग स्प्लिंट आणि बूट, मगच उभा राहतो.