जुनी सायकल घेताना डावं पायडल काढून बघा

जुनी गिअरची सायकल घेताना गिऱ्हाईक टायर दाबतं, ब्रेक आवळतं, चेन वाकून बघतं. पायडल मात्र हातानं गरकन फिरलं की झालं. फसवणारा नेमकं हेच धरून चालतो. सपाटीला एक चक्कर होते, पैसे दिले जातात आणि तीन-चार दिवसांनी साताऱ्यात राजवाड्याकडून समर्थ मंदिराचा चढ चढताना डावं पायडल बुटासकट खाली येतं. सीटवरून उठून जोर लावत असाल, तर मधला दांडा कुठे लागतो ते सांगायला नको. सांगली-मिरजेच्या सपाटीवर हीच सायकल आणखी बरेच दिवस खपून जाईल. सातारा तिला तेवढी सवड देत नाही.

डाव्या पायडलाला उलटे आटे असतात, म्हणजे ते घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवून घट्ट होतं. मोकळ्या मुठीत पेन्सिल धरून तिचं टोक गोल फिरवा, पेन्सिल स्वतःभोवती उलट्या दिशेनं सरकते. क्रँकमध्ये, म्हणजे पायडल ज्यात बसतं त्या दांड्यात, पायडलाचा एक्सल (मधली कणी) तसाच सरकतो, म्हणून डावीकडे सरळ आटे टिकत नाहीत. हे ठाऊक नसलेला कुणीतरी उजवं पायडल डाव्या क्रँकमध्ये पान्यानं रेटतो. एक्सल पोलादी, क्रँक बहुधा ॲल्युमिनियमचा. आटे जातात ते क्रँकचे. नुसतं नवं पायडल घालून ते परत येत नाहीत. क्रँक बदलायचा, नाहीतर भोक मोठं करून आत आटे असलेला पोलादी बुश (छोटी नळी) बसवायचा, एवढाच सरळ उपाय. दोन्हीला खर्च येतो, आणि तो वाचवण्यासाठी पुढचे उद्योग चालतात.

सोपा उद्योग म्हणजे भोकात एमसील किंवा अराल्डाइट भरून पायडल चिकटवणं. वरून काळं ग्रीस फासलं की कळत नाही. कुणी आट्यांवर पातळ पत्र्याची पट्टी गुंडाळून पायडल ठोकून बसवतं. वेल्डिंग मारलेलंही दिसतं, पण ते पोलादी क्रँकवर. त्या उष्णतेनं आतलं ग्रीस जळतं आणि ते पायडल पुढे कधी सुटत नाही. सगळ्यांत बेमालूम प्रकार वेगळाच. पायडलाचे आटे बहुतेक सायकलींना 9/16 इंची, इंचाला 20. त्याचा उलटा टॅप (आटे पाडायचं हत्यार) साध्या वर्कशॉपमध्ये सहसा नसतो, म्हणून डाव्या क्रँकलाही सरळ आटे पाडतात आणि दोन्हीकडे उजवीच पायडलं घालतात. बसतात झकास, पण डावं चालवता चालवता आपोआप उलगडत जातं.

म्हणून 15 मिलिमीटरचा चपटा पाना खिशात घेऊनच जा. एक्सलच्या टोकावर बारीक कोरलेली अक्षरं बघा. डावीकडे ‘एल’, उजवीकडे ‘आर’ हवं. दोन्हीकडे ‘आर’ दिसलं तर सौदा तिथेच थांबवा. अक्षरं घासली असतील तर पान्याची मूठ वर धरून मागच्या चाकाकडे ओढा. दोन्ही पायडलं याच दिशेनं सुटली पाहिजेत. डावं पायडल पुढे ओढल्यावर सुटलं, तर आटे सरळ पाडलेत असं समजा. पूर्ण काढून आत बोट फिरवा. राखाडी भुकटी, पापुद्रा, पत्र्याची कड लागते का बघा. परत लावताना पहिले तीन-चार फेरे नुसत्या बोटांनी बसले पाहिजेत. ‘काढू नका, नवीनच टाकलंय’ असं म्हणणाऱ्याकडे तर आधी काढा. जुन्या काळ्या सायकलीला क्रँक जागेवर धरणारी खीळ, म्हणजे कॉटर पिन असते. तिथे पायडल सोडून क्रँकच हलवून बघा. प्रत्येक फेऱ्याला एकाच जागी ‘टक’ वाजलं तर पिन झिजलीय.

पायडल हललं की दुकानदार म्हणतो, ‘तोवर एका पायडलवर चालवा, आठवड्यानं बदलून देतो.’ अजिबात ऐकू नका. लुडबुडणारा एक्सल उरलेले आटे खाऊन टाकतो, आणि आठवड्यानं ऐकू येतं, ‘तुम्हीच चालवून घालवलं.’ त्याच दिवशी फोटो काढा, सायकल ढकलत परत न्या. घेताना पावतीवर फ्रेमचा नंबर लिहून घेतलेला असेल तर बोलायला जोर येतो. तो बहुतेकदा क्रँकच्या एक्सलखाली, फ्रेमच्या तळाला असतो.

रस्त्यातच निखळलं आणि घर गाठायचंच असेल, तर पायडल काढून पिशवीत टाका. सीट दोन इंच खाली घ्या, म्हणजे डावा पाय जमिनीला टेकेल. उजव्या पायानं पायडल वरून खाली दाबा, मग बोटांचा आकडा करून खालून उलटं वर आणा. फ्रीव्हील असल्यामुळे ते मागे फिरतं. लहानपणी हाफ पायडल मारलेल्यांना हे जमतं. डावा पाय उघड्या क्रँकवर टेकवू नका, घसरला की नडगी सोलते. चढ आला की खाली उतरायचं. अर्धा फेरा रिकामा जातो, तेवढ्यात सायकल जागेवर थांबते.