फसवा युक्तिवाद ओळखण्यासाठी: आधी प्लेटो की ॲरिस्टॉटल?

फसवा युक्तिवाद ओळखायला शिकायचे आणि तेही ग्रीकांपासून, असे ज्याने ठरवले आहे, त्याच्यापुढे दोन ग्रंथ येतात: प्लेटोचा 'युथिडेमस' हा संवाद आणि ॲरिस्टॉटलचा सॉफिस्टांच्या खंडनपद्धतीवरचा ग्रंथ. दोन्ही इ.स.पू. चौथ्या शतकातले असून दोन्हींचा रोख पैसे घेऊन वादविद्या शिकवणाऱ्या सॉफिस्टांवर आहे.

प्लेटो फसवणूक आपल्या डोळ्यांसमोर घडवतो. डायोनिसोडोरस हा सॉफिस्ट तरुण क्टेसिपसला विचारतो: तुझ्याकडे कुत्रा आहे ना? त्याला पिल्ले आहेत, म्हणजे तो बाप आहे ना? आणि तो तुझाच ना? मग तो तुझा बाप झाला आणि पिल्ले तुझी भावंडे! प्रत्येक प्रश्नाला 'हो' म्हणावेच लागते, निष्कर्ष उघड खोटा असतो, आणि नेमके चुकले कुठे हे सांगताना वाचकही अडखळतो. हे अडखळणे मला फार मोलाचे वाटते.

ॲरिस्टॉटल तोच कुत्रा उदाहरणाला घेतो. कुत्रा 'तुझा' आहे आणि 'बाप'ही आहे, परंतु या दोन गोष्टी एकाच प्राण्याला लागू पडल्या म्हणून त्या परस्परांशी जोडता येत नाहीत, असे त्याचे उत्तर आहे. त्याने अशा दोषांचे 13 प्रकार केले: 6 भाषेतून उद्भवणारे, 7 भाषेबाहेरचे. पहिला प्रकार अनेकार्थी शब्दाचा; न्यायशास्त्रातील (भारतीय तर्कशास्त्रातील) वाक्छलाचे, म्हणजे शब्दाचा भलताच अर्थ लावून केलेल्या फसवणुकीचे, 'नवकंबल' हे उदाहरण (नवी कांबळ की नऊ कांबळी?) ज्यांना ठाऊक आहे, त्यांना तो लगेच उमगेल. ग्रंथ रुक्ष आहे, तरी त्याचा शेवट अवश्य वाचावा: तयार भाषणे पाठ करून घेणारे शिक्षक म्हणजे पायांची पीडा टाळण्याची विद्या शिकवतो असे सांगून नुसते निरनिराळे जोडे हाती देणारे, असे तो म्हणतो.

माझा कौल आधी 'युथिडेमस'ला आहे. ज्यांना वादस्पर्धेसाठी किंवा वकिलीच्या अभ्यासासाठी वर्गीकरणच हवे आहे, त्यांनी मात्र थेट ॲरिस्टॉटल घ्यावा.

प्लेटो आणि ॲरिस्टॉटल दोघेही सॉफिस्टांच्या विरोधी पक्षाचे आहेत, हे विसरू नये. म्हणून इ.स.पू. 427 मध्ये सिसिलीतील लिओंटिनी या ग्रीक नगराचा दूत म्हणून अथेन्सला आलेल्या गॉर्जियस या सॉफिस्टाचे ट्रॉयच्या कथेतील हेलनवरचे छोटे भाषणही सोबत ठेवावे. काही औषधे रोग संपवतात, काही प्राण; शब्दांचेही तसेच आहे, हे त्या सॉफिस्टाने त्यात स्वतःच सांगून ठेवले आहे.